काडतुसाची पुंगळी

काडतुसाची पुंगळी हा रायफलच्या काडतुसातील गोळी, दारू आणि टोपी (प्रायमर) यांना एकत्र धरून ठेवणारा पोकळ, बहुधा पितळी भाग होय. बार उडाल्यावर गोळी निघून जाते, दारू जळते आणि टोपी निकामी होते. पुंगळी मात्र शिल्लक राहते. ती पुन्हा भरता येते. त्यामुळे ज्या देशांत नेमबाज हाताने काडतुसे भरतात, तेथे निरनिराळ्या कारखान्यांच्या पुंगळ्यांची तुलना हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला आहे. भारतात अशी भरणी परवान्याविना करता येत नाही. तरीही पितळाच्या प्रतीचा प्रश्न भारताला परका नाही. त्याचा एक महत्त्वाचा अध्याय येथील पावसाळ्यातच घडला.

धातू आणि घडण

पुंगळीसाठी वापरल्या जाणाऱ्या पितळात सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. हे पितळ न तडकता खोलवर ओढता येते. बार उडताना ते क्षणभर फुगून नळीच्या भिंतीस घट्ट चिकटते व वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच ते किंचित आकसते, म्हणून पुंगळी सहज बाहेर काढता येते. पोलादी पुंगळ्या स्वस्त पडतात आणि काही सैन्यांनी त्या मोठ्या प्रमाणावर वापरल्याही. पण हा लवचीकपणा त्यांच्यात पितळाइतका नाही.

पितळाच्या पट्टीतून प्रथम एक वाटी कापून घेतात. ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळी करतात. प्रत्येक ओढणीने धातू कठीण होत जातो, म्हणून मधूनमधून तो तापवून मऊ करावा लागतो. शेवटी बूड ठोकून टोपीचा खळगा पाडतात आणि वरचा भाग आवळून मान तयार करतात. उत्तम पुंगळीचे बूड कठीण आणि मान मऊ असते. बूड मऊ राहिले तर टोपीचा खळगा लवकर सैल होतो. मान कठीण राहिली तर ती फाटते. मान शेवटी ज्योतीवर तापवल्याची निळसर-तपकिरी झाक लष्करी पुंगळ्यांवर दिसते. पुष्कळ व्यापारी कारखाने ती घासून काढतात, म्हणून नवखा मनुष्य चकचकीत पुंगळीच चांगली समजतो. हा समज चुकीचा आहे.

आरंभीच्या पुंगळ्या अशा एकसंध नव्हत्या. एडवर्ड बॉक्सर यांनी स्नायडर रायफलसाठी केलेली पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून बनवलेली होती. मार्टिनी-हेन्री रायफलमध्येही तीच पद्धत आली. तापलेल्या व काजळलेल्या नळीत या पुंगळ्या अडकत. १८८५च्या सुदान मोहिमेत याचा वाईट अनुभव आल्यावर ओढून केलेल्या एकसंध पुंगळीचा पक्ष बळावला.

पावसाळा, तबेला आणि तडे

ब्रिटिश अमदानीत भारतात पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत आणि काडतुसे तबेल्यांत साठवली जात. पाऊस सरल्यावर पाहावे तो अनेक पुंगळ्यांना, विशेषतः गोळी आवळलेल्या मानेपाशी, तडे गेलेले असत. काडतूस झाडलेले नसे, त्यावर कोणताही आघात झालेला नसे. ऋतूशी असलेल्या संबंधावरून या दोषास ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडले. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचे कारण स्पष्ट केले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि ओढणीच्या वेळी धातूत राहून गेलेला ताण ही दोन्ही एकत्र आली की पितळ कणांच्या सीमांवर फुटते. दोहोंपैकी एक नसेल तर सहसा तडा जात नाही. म्हणून घडण संपल्यावर पुंगळी मंद आचेवर तापवून ताण घालवणे हा त्यावरील उपाय ठरला. जस्ताचे प्रमाण १५ टक्क्यांहून कमी असलेल्या पितळात हा दोष फारसा आढळत नाही, पण त्याने पुंगळीस लागणारे बळही कमी होते.

मराठवाड्याच्या संदर्भात हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळे झालेले हिंगोली हे हैदराबाद कंटिन्जंटचे १९०३पर्यंतचे लष्करी ठाणे होते. घोडदळाचे तबेले, दारूगोळा आणि दमट पावसाळा एकत्र येण्याची परिस्थिती अशा ठाण्यांत नेहमीचीच असे. आजही खताची पोती किंवा गुरांचा गोठा यांच्याजवळ परवान्याच्या बंदुकीची काडतुसे ठेवणे त्याच कारणाने अनिष्ट आहे. तडा गेलेल्या मानेचे काडतूस झाडू नये.

प्रतीची पारख

सर्वांत प्रचलित कसोटी वजनाची आहे. एकाच खेपेतील पुंगळ्या तोलून त्यांच्यातील तफावत पाहतात. या कसोटीचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा लागतो. बाहेरची मापे ठरलेली असल्याने जड पुंगळीच्या भिंती जाड असतात आणि आतली जागा कमी होते. पितळाची घनता सुमारे ८.५ असल्यामुळे वजनात १ ग्रॅम वाढ म्हणजे आतील जागेत सुमारे ०.१२ घनसेंमी घट. .३०८ विंचेस्टर पुंगळीची एकूण जागा साडेतीन घनसेंमीच्या आसपास असते, म्हणजे ही घट तीन टक्क्यांहून अधिक झाली. तेवढ्याच दारूने मग दाब वाढतो. या काडतुसाचा दाब आधीच ४,१५० बार या कमाल मर्यादेच्या जवळ जाणारा असतो. लष्करी ७.६२ मिमी पुंगळ्या सामान्यतः व्यापारी .३०८ पुंगळ्यांपेक्षा जड असतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोहोंची अदलाबदल धोक्याची ठरते ती यामुळेच. उलट वजनातला फरक बुडाच्या कडेवरील खोबणीत असेल तर आतील जागेवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. म्हणून पाणी भरून आतील जागा मोजणे ही अधिक विश्वासार्ह कसोटी आहे.

याखेरीज मानेची जाडी सर्व बाजूंनी सारखी आहे का, टोपीखालचे छिद्र मध्यभागी व स्वच्छ आहे का, आणि किती वेळा भरल्यावर खळगा सैल पडतो, हे पाहतात. फिनलंडची लापुआ आणि स्वीडनची नॉर्मा यांच्या पुंगळ्या एकसारखेपणासाठी नावाजलेल्या आहेत. नॉर्माचे पितळ तुलनेने मऊ असल्याची तक्रारही केली जाते. विंचेस्टरसारख्या अमेरिकी कारखान्यांचा माल हलका व स्वस्त असतो, पण त्यातून निवड करावी लागते.

जुन्या मालात आणखी एक अडचण आहे. पाऱ्याच्या फल्मिनेटची टोपी वापरलेल्या काडतुसात पहिल्याच बाराला पारा पितळात शिरून ते ठिसूळ करतो. अशी पुंगळी वरून धड दिसली तरी पुन्हा भरण्यास निरुपयोगी असते.

महाराष्ट्रातील कारखाने

पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ साली स्थापन झाला. पुंगळीच्या बुडावरील ‘के एफ’ हा त्याचा शिक्का जगभरच्या संग्राहकांना परिचित आहे. .३०३ आणि शिकारी रायफलींची .३१५ काडतुसे येथे तयार झाली. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६४चा. अंबरनाथचा कारखाना पितळ व अन्य अलोह धातूंच्या घडणीसाठी ओळखला जातो. १ ऑक्टोबर २०२१ रोजी झालेल्या पुनर्रचनेत खडकी व वरणगाव हे म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे, तर अंबरनाथ यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेले. लष्करी .३०३ काडतुसांत बर्डन पद्धतीची टोपी असे. तिची ऐरण पुंगळीतच असल्याने टोपी काढणे कष्टाचे होते. त्यामुळे हाताने भरणारे परदेशी नेमबाज असा माल सहसा टाळतात, मग पितळ कितीही चांगले असो.

कायदेशीर स्थिती

शस्त्र अधिनियम, १९५९च्या व्याख्येनुसार ‘दारूगोळा’ या संज्ञेत काडतुसाचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रेही येतात. कलम ५ अन्वये परवान्याविना उत्पादन करण्यास मनाई असून २०१९च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. दुसऱ्या बाजूने कलम ४५ (घ) किरकोळ भाग, ते पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसल्यास, बाळगण्यास सूट देते. पोलीस व राष्ट्रीय छात्रसेनेच्या गोळीबार-सरावात मात्र रिकामी पुंगळीही मोजून जमा करून घेण्याची रीत आहे.