पित्त, सोडा आणि फूट व्हॉल्व्ह

'पित्त झालंय' हे शब्द आपण फारच ढिलाईने वापरतो. छातीत जळजळलं तरी पित्त, डोकं दुखलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच! आमच्या नामपूरला अहिराणीत जळजळीची 'जयजय' होते. म्हणजे छातीत आग पडली तरी माणूस जयजयकार करतोय असं वाटावं. गेले दोन-तीन वीकेंड या जयजयचा इतिहास वाचण्यात गेले. कारण पुढे येईलच.

तर मंडळी, चरकसंहितेत अम्लपित्तावर स्वतंत्र अध्याय नाही. तो सापडतो साधारण सातव्या-आठव्या शतकातल्या माधवनिदानात. अन्न न पचणं, आंबट-कडू ढेकर, छाती आणि घशात आग... वाचताना आमच्या अख्ख्या प्रोजेक्ट टीमचा मेडिकल रिपोर्ट वाचतोय असं वाटलं. काश्यपसंहिता तर आणखी मजेशीर आहे. तिच्या मते हा रोग दमट, पाणथळ मुलखात जास्त, आणि औषधाने हटला नाही तर सरळ गाव बदला! या हिशोबाने कोकणातल्या माणसाने कोरड्या बागलाणात यायला हवं. आम्ही मात्र मोसमकाठ सोडून हिंजवडीत आलो आणि मग पित्त कमावलं.

बागलाणात तरी काय कमी आहे म्हणा. बाजरीची भाकरी, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. यातली मिरची मूळची आपली नाहीच. ती अमेरिका खंडातली, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. माधवनिदान लिहिलं गेलं तेव्हा तिखटपणा मिरी आणि पिंपळीचा होता. तेव्हा सगळा दोष ठेच्यावर टाकता येत नाही, जळजळ त्याच्याआधीपासून आहे. कच्च्या कांद्याबद्दल मात्र (आमच्या गावचं पीक, लिहिताना हात कापतोय) १९९० साली एक तपासणी झाली होती. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांची जळजळ कांद्याने वाढली. बाकीच्यांना फारसा फरक पडला नाही.

पोटात नक्की कोणतं आम्ल असतं हे कळायला १८२४ साल उजाडलं. विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरने ते हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचं दाखवलं. त्याच सुमारास अमेरिकेत बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरला एक विलक्षण पेशंट मिळाला. १८२२ साली गोळी लागून त्याच्या पोटाला पडलेलं भोक कधी पूर्ण बुजलंच नाही. बोमाँट त्यातून दोऱ्याला बांधलेले मांसाचे तुकडे सोडायचा आणि किती वेळात विरघळतात ते बघायचा. चालू सिस्टीमवर डीबगिंग म्हणतात ते हेच, फक्त सिस्टीमला विचारलं होतं का हा प्रश्न उरतोच.

आम्ल आहे म्हटल्यावर अल्कली टाका, हे ओघानेच आलं. खायचा सोडा आम्लाशी भिडला की कार्बन डायऑक्साइड होतो, मोठा ढेकर येतो आणि 'मोकळं झालं' असं वाटतं. पण सोड्यातलं सोडियम रक्तदाबवाल्यांना महागात पडतं. थंड दूध हा दुसरा लाडका उपाय. १९१५ साली शिकागोच्या सिपी नावाच्या डॉक्टरने अल्सरवाल्यांना तासातासाला दूध-साय पाजायची पद्धतच काढली आणि ती कित्येक दशकं चालली. पुढे लक्षात आलं की दूध थोडा वेळ शांत करतं खरं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम पोटाला आणखी आम्ल बनवायला लावतात.

खरी गोम वेगळीच होती. १९३५ साली विंकेलस्टाइन या डॉक्टरने मांडलं की पोटातलं आम्ल वर अन्ननलिकेत चढतं आणि तिथे जखम करतं. विहिरीवर मोटार असणाऱ्याला हे लगेच कळेल. फूट व्हॉल्व्ह गळका असला की पाइपातलं पाणी परत विहिरीत जातं. आपल्या पोटाच्या तोंडाशीही अशीच एक झडप आहे, फक्त इथे उलटं, खालचं वर येतं. बऱ्याच जणांचं आम्ल जास्त नसतंच, झडप ढिली असते.

तरी बाजार आम्लाचाच झाला. १९७६ साली सिमेटिडीन आलं, १९८१ साली रॅनिटिडीन, १९८८ साली ओमेप्रॅझोल. घराघरातल्या डब्यात असलेलं रॅनिटिडीन अमेरिकेने २०२० साली बाजारातून काढायला लावलं, कारण त्यात एनडीएमए हे कॅन्सरचा धोका असलेलं रसायन सापडलं. भारतानेही २०२२ साली ते आवश्यक औषधांच्या यादीतून वगळलं.

आता कारण. माझ्या एका मामांनी जळजळ होते म्हणून तीन दिवस सोडा घेतला. चौथ्या रात्री दरदरून घाम फुटला आणि ईसीजीत निघाला हार्ट अटॅक. मामा वाचले. पण सोड्याने 'बरं वाटायचं' हे ते अजूनही सांगतात, आणि घोळ तिथेच आहे. ढेकर आला म्हणून हृदय ठीक आहे असं ठरत नाही. चालताना-चढताना होणारी जळजळ, घाम, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ असेल तर सोडा नको, गाडी काढा. अन्न गिळताना अडकणं, काळी शौच, कारण नसताना वजन उतरणं, यालाही घरगुती उपाय नाही.

बाकी साध्या जळजळीवर टिकलेले उपाय फुकटचे आहेत. जेवण आणि झोप यात तीन तास, पोटाचा घेर कमी आणि सिगारेट बंद. डोक्याखाली उशांची चळत लावू नका, त्याने पोट दुमडतं. त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून सहा-आठ इंच उंची द्या. आणि झोपायचं डाव्या कुशीवर, म्हणजे पोट खाली राहतं आणि झडप वर. आपल्याकडे 'वामकुक्षी' हा शब्दच आहे, वाम म्हणजे डावी आणि कुक्षी म्हणजे कूस. फक्त जेवल्या जेवल्या आडवं व्हायचं ते राहू द्या. आमच्याकडे नामपूरला दिवेलागणीला जेवणं उरकायची, झोपेपर्यंत अंगणात गप्पा चालायच्या. हिंजवडीत रात्री अकराला अमेरिकेचा कॉल संपतो आणि मग मेस उघडी आहे का ते बघावं लागतं.