कुशिंग यांचा करंट

अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या आजारांत हार्वे कुशिंग हे नाव टाळताच येत नाही. कॉर्टिसॉल हे तिचं संप्रेरक वाढून चेहरा गोल होतो, पोट सुटतं, रक्तदाब आणि साखर चढते, त्या आजाराला त्यांचं नाव आहे. बॉस्टनच्या या मेंदूच्या सर्जनने त्यावरचा गाजलेला लेख १९३२ साली छापला. पण त्याआधी, १ ऑक्टोबर १९२६ रोजी, त्यांनी विल्यम बोवी यांचं विजेचं यंत्र शस्त्रक्रियेत वापरलं होतं. काही दिवसांपूर्वी रक्तस्रावामुळे अर्धवट सोडावी लागलेली कवटीवरची गाठ त्या दिवशी काढता आली. ऑपरेशन थिएटरातली आजची कॉटरी ती हीच. अ‍ॅड्रिनलमधली गाठ सुईने जाळणारं रेडिओफ्रीक्वेन्सी अ‍ॅब्लेशनही माझ्या मते याच घराण्यातलं. कॉर्टिसॉल स्रवणाऱ्या गाठींवरही आता ते करतात. कुशिंग यांच्या नावाच्या आजारावर त्यांनीच रुळवलेली वीज चालते, हे कळल्यापासून या कुळाचा शोध मला सोडवेना.

मूळ पुरुषाबद्दल वाद नाही. सेकंदाला दहा हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारी वीज शरीरातून गेली तर स्नायू आखडत नाहीत, फक्त ऊब निर्माण होते, हे पॅरिसच्या आर्सेन दार्सोन्व्हाल यांनी १८९१च्या सुमारास दाखवलं. वाद आहे तो पुढच्या पिढीचा.

कुशिंग-बोवी यांच्या दाव्याला खरा प्रतिस्पर्धी न्यूयॉर्कचे एडविन बिअर. त्यांनी १९१० सालीच मूत्राशयातल्या गाठी अशाच विजेने जाळल्या, आणि त्याही पोट न फाडता, मूत्रमार्गातून दुर्बीण घालून. कमीत कमी चिरफाड हाच निकष धरला तर मान बिअर यांचा. तरीही मी बोवींकडे झुकतो. बिअर यांना गाठ डोळ्यांनी दिसत होती आणि ती पृष्ठभागावर होती. अ‍ॅड्रिनल मूत्रपिंडाच्या माथ्यावर, मोठ्या रक्तवाहिन्यांना खेटून, खोल दडलेली. तिथे नुसती आग उपयोगाची नाही, मोजून दिलेली आग लागते. सलग लहर ऊती कापते आणि तुटक लहर रक्त गोठवते, हा फरक बोवींच्या यंत्राने सर्जनच्या हाती दिला. विजेला मात्रा असते ही शिस्त तिथून आली. बोवी मुळात वनस्पतींचे अभ्यासक. असं म्हणतात, की त्यांनी पेटंट एका डॉलरला विकलं.

पुढचे टप्पे ओळखीचे आहेत. १९९०मध्ये अमेरिकेत मॅकगहन आणि इटलीत रोस्सी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, टोक सोडून बाकी आवरण असलेली सुई यकृतासाठी वापरली. सुई स्वतः तापत नाही. टोकाभोवतीचे आयन विजेबरोबर थरथरतात, त्या घर्षणाने ऊती तापतात आणि ६० अंशांच्या पुढे पेशी जवळजवळ तत्काळ मरतात. याच सुईने पुढे अ‍ॅड्रिनल गाठली.

अ‍ॅड्रिनलच्या शस्त्रक्रियेची वंशावळ वेगळी. १९२६ सालीच लोझानमध्ये सेझार रू आणि अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी फिओक्रोमोसायटोमा ही अ‍ॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरकं स्रवणारी गाठ यशस्वीपणे काढली. १९९२मध्ये मिशेल गान्ये यांनी दुर्बिणीतून ग्रंथी काढण्याची पद्धत मांडली. यंत्र आणि शस्त्रक्रिया एकाच वर्षी उभी राहिली आणि एकमेकांना भेटायला पाऊण शतक गेलं. माझा तर्क असा, की उशीर यंत्रामुळे झाला नाही, ग्रंथीच्या स्वभावामुळे झाला. तिला गरम केलं की साठवलेली अ‍ॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरकं रक्तात सुटतात आणि रक्तदाब क्षणात भडकू शकतो. गाठीवर सुई नेमकी बसवायला सीटी किंवा सोनोग्राफी, आणि रक्तदाबावर प्रत्येक क्षणी नजर, हे दोन्ही हाताशी असल्याशिवाय शहाणा डॉक्टर इथे आग नेणार नाही.

आता बिअर यांचा रस्ताही या कुळात परतला आहे. डावी अ‍ॅड्रिनल जठराच्या मागेच असल्याने घशातून एंडोस्कोप उतरवून, सोनोग्राफीत पाहत, जठराच्या भिंतीतून सुई घालता येते. ब्रिटनमधल्या फॅब्युलस चाचणीत २८ रुग्णांच्या अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक स्रवणाऱ्या गाठी अशा जाळल्या. म्हणजे रस्ता बिअर यांचा, मात्रा बोवींची, अशी ही दोन घराण्यांची सोयरीक म्हणावी लागेल.

शस्त्रक्रियेत बहुधा पूर्ण ग्रंथी जाते, अ‍ॅब्लेशनमध्ये फक्त गाठ. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी काढाव्या लागल्या तर रुग्णाला जन्मभर स्टेरॉइड घ्यावं लागतं. मोजून दिलेल्या आगीचं मोल सर्वांत जास्त अशाच रुग्णाला कळेल, आणि या विद्येने पुढे जायचं तर त्याच्याच दिशेने जावं.