डेटाबेस बॅकएंड, जँगोमधील

डेटाबेस बॅकएंड : पायथन भाषेत लिहिलेल्या जँगो या वेब फ्रेमवर्कला एखाद्या डेटाबेस इंजिनाशी बोलते करणारा कोडचा थर. जँगोत प्रोग्रामर आपली टेबले, कॉलम आणि त्यांची परस्परांतील नाती पायथनच्या क्लासांतून मांडतो. या क्लासांना मॉडेल म्हणतात. मॉडेलवर लिहिलेली क्वेरी शेवटी एसक्यूएल होऊन इंजिनापर्यंत पोचते, आणि ती कोणत्या इंजिनाला कोणत्या शब्दांत विचारायची हे बॅकएंड ठरवतो. पोस्टग्रेस्क्यूएल, मारियाडीबी, मायएसक्यूएल, ओरॅकल आणि एसक्यूलाइट या पाच इंजिनांची सोय जँगोबरोबरच मिळते; बाकीच्यांची बाहेरून बसवावी लागते. नवे इंजिन जोडायचे म्हणजे एसक्यूएलची बोली तेवढी बदलायची, असा समज सर्रास आढळतो. ते काम असतेच, पण त्यामानाने सोपे. खरा कस लागतो तो इंजिनाला काय येत नाही याची नेमकी नोंद करण्यात, आणि ती नोंद वर्षानुवर्षे खरी ठेवण्यात.

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या दैनिकात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये जँगो लिहायला घेतले. २००५ च्या जुलैत ते सर्वांसाठी खुले झाले. वृत्तपत्राला लागेल तेवढाच डेटाबेस तेव्हा पुरेसा होता. मोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती ओरॅकल वापरत, आणि त्यांच्यापर्यंत पोचायचे तर ओरॅकल टाळून चालणार नव्हते. त्या कामाला कोलोरॅडोतील बोल्डर येथे २००६ मध्ये भरलेल्या कार्यसत्रात तोंड फुटले. सप्टेंबर २००८ च्या १.० आवृत्तीत ओरॅकल अधिकृतपणे होते. नव्या इंजिनासाठी फ्रेमवर्कला किती ठिकाणी हात लावावा लागतो, हे पाहायला याहून चांगले उदाहरण नाही.

बॅकएंड थेट इंजिनाशी बोलत नाही. मध्ये ड्रायव्हर असतो. पायथनच्या ड्रायव्हरांनी कसे वागावे याचा संकेत पीईपी २४९ या दस्तऐवजात आहे, पण क्वेरीत किंमत जिथे भरायची तिथली खूण कोणती असावी, याची मोकळीक त्याने दिली आहे. जँगो सगळीकडे टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे एस हे अक्षर लिहितो. एसक्यूलाइटच्या ड्रायव्हरला तिथे प्रश्नचिन्ह लागते, ओरॅकलच्या ड्रायव्हरला अपूर्णविराम (:) देऊन पुढे नाव. म्हणून या दोन्ही बॅकएंडांत कर्सरवर, म्हणजे ड्रायव्हरच्या ज्या भागातून क्वेरी पाठवली जाते त्यावर, आणखी एक आवरण आहे, आणि प्रत्येक क्वेरी निघताना त्यात खूण बदलली जाते. ओरॅकलचे आवरण शेवटचा अर्धविरामही खुडून टाकते, कारण साध्या एसक्यूएल वाक्याच्या शेवटी तो आलेला त्या ड्रायव्हरला चालत नाही.

बॅकएंड हे पायथनचे एक पॅकेज असते. सेटिंग्जमध्ये त्याचा पत्ता दिला की जँगो त्यातला डेटाबेसरॅपर हा क्लास शोधतो. जोडणी उघडणे, बंद करणे, ट्रान्झॅक्शन सांभाळणे ही कामे त्याची. बाकीचे क्लास त्याच्या आधाराने चालतात: एक तारखा आणि संख्यांची एसक्यूएल घडवतो, एक टेबलांची रचना बदलतो, एक आधीपासून असलेली टेबले वाचून मॉडेल सुचवतो, एक चाचणीसाठी तात्पुरता डेटाबेस उभा करतो. यातला फीचर्स नावाचा क्लास दिसायला अगदी साधा, नुसती हो-नाहीची यादी. माझ्या मते बॅकएंडचा प्राण तिथेच आहे. टेबलाची रचना बदलताना मध्येच चूक झाली तर सगळे पूर्ववत करता येते का? पोस्टग्रेस्क्यूएल हो म्हणते, मायएसक्यूएल नाही. या एका उत्तरावर मायग्रेशन, म्हणजे रचनेतला असा बदल, अर्धवट लटकणार की नाही हे ठरते. लिहिणाऱ्याने उत्साहाच्या भरात नाहीचे हो केले, तर त्याची किंमत कुठल्या तरी ऐन कामाच्या दिवशी कुठला तरी अनोळखी माणूस मोजतो.

ओरॅकलपाशी नाहींची रांगच लागली. त्याला रिकामी अक्षरमाला आणि नल यांत फरक कळत नाही, दोन्ही एकच. जँगोचा शिरस्ता मात्र मजकुराच्या कॉलमात नल न ठेवता रिकामी अक्षरमाला ठेवण्याचा. तेव्हा ओरॅकलवर असा प्रत्येक कॉलम मॉडेलात काहीही लिहिलेले असले तरी नल स्वीकारणारा बनवला जातो, आणि वाचताना आलेला नल रिकामी अक्षरमाला करून दिला जातो. नावे तीस अक्षरांपेक्षा लांब झाली की जँगो ती कापतो आणि दोन नावे एकसारखी होऊ नयेत म्हणून शेवटी चार अक्षरांचा हॅश जोडतो. खरे-खोटे यासाठी स्वतंत्र प्रकार ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्यांत नव्हता. एका अंकाचा आकडा आणि तो शून्य किंवा एकच असावा अशी अट घालून भागवले गेले. पहिल्या दहा ओळी मागण्याचा लिमिट हा शब्द तिथे नव्हता, त्यासाठी ओळींना क्रमांक देऊन क्वेरीभोवती दुसरी क्वेरी गुंडाळावी लागे.

देवनागरी लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने याच बॅकएंडातला एक निर्णय महत्त्वाचा आहे. ओरॅकलच्या व्हारचार२ कॉलमाची लांबी, वेगळे सांगितले नसेल तर, अक्षरांत न मोजता बाइटांत मोजली जाते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे. ‘क्षितिज’ हे नाव घ्या: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज अशी सात चिन्हे, म्हणजे एकवीस बाइट. वीस लांबीच्या कॉलमात तीन अक्षरी क्षितिज मावणार नाही. जँगोच्या बॅकएंडाने मजकुरासाठी एनव्हारचार२ हा प्रकार निवडला. त्यात लांबी चिन्हांवर मोजतात, त्यामुळे वीसच्या कॉलमात हे नाव ऐसपैस बसते. प्रकारांच्या तक्त्यातली ही एक ओळ. ती लिहिताना कोणाच्या डोळ्यांपुढे मराठी नसेलही, पण तिने मराठी नावे वाचवली.

एसक्यूलाइटची तऱ्हा वेगळी. ते सर्व्हर नसलेले, एका फाइलीत राहणारे इंजिन असल्याने जे त्याला येत नाही ते जँगो पायथनमध्ये लिहून त्याच्या हाती देतो. रेगएक्सची क्वेरी लिहिण्यापुरता शब्द एसक्यूलाइटपाशी आहे, पण त्यामागचे फंक्शन नाही. जोडणी उघडताच बॅकएंड ते नोंदवतो. तारखेतून महिना काढणे, वेळ तासापर्यंत छाटणे, प्रमाण विचलन काढणे हीसुद्धा अशीच उसनी फंक्शने. कॉलमचा प्रकार बदलायचा झाला तर मात्र उसनवारी पुरत नाही. तेव्हा बॅकएंड हव्या त्या रचनेचे नवे टेबल बनवतो, जुन्यातल्या सगळ्या ओळी त्यात ओततो, जुने टेबल पाडतो आणि नव्याला जुन्याचे नाव देतो. मॉडेलात बदल एका शब्दाचा. खाली अख्खे टेबल उचलून पुन्हा मांडलेले असते. फॉरेन कीची शिस्त तर जँगो २.० येईपर्यंत एसक्यूलाइटवर लागूच नव्हती. त्यामुळे आपल्या लॅपटॉपवर सुखाने चाललेला कोड पोस्टग्रेस्क्यूएलवर नेताच अडायचा, आणि दोष बिचाऱ्या पोस्टग्रेस्क्यूएलला मिळायचा.

मारियाडीबीसाठी वेगळा बॅकएंड लिहिलाच नाही. २००९ मध्ये मायएसक्यूएलमधून फुटून निघालेले हे इंजिन जँगो ३.० ने डिसेंबर २०१९ मध्ये अधिकृत मानले, पण त्याच मायएसक्यूएलच्या बॅकएंडात ‘हे मारियाडीबी आहे का’ एवढा प्रश्न घालून. भाऊ वेगळे झाले तरी चूल एकच राहिली. दोघांमधले अंतर मात्र वाढत गेले. मायएसक्यूएलमध्ये जेसन हा खरा प्रकार आहे. मारियाडीबीत ते लाँगटेक्स्टचे दुसरे नाव, आत वैध जेसन आहे याची अट जोडलेले. पुढे मारियाडीबी १०.७ मध्ये यूयूआयडीचा स्वतःचा प्रकार आला आणि जँगो ५.० ने तो वापरायला घेतला. तोवरचे कॉलम बत्तीस अक्षरांचे होते. त्यांच्याशी नव्या क्वेरी जुळेनात. टेबले बदला, नाही तर जुन्या पद्धतीचे फील्ड स्वतः लिहून घ्या, असे आवृत्तीच्या टिपणात सांगावे लागले. इंजिन सुधारले की बॅकएंडाची जुनी नोंद चुकीची ठरते, ती अशी.

नव्या बॅकएंडाची परीक्षा जँगोच्याच चाचणीसंचाने होते. हजारो चाचण्या त्या इंजिनावर चालवायच्या, आणि ज्या तिथे लागूच पडत नाहीत त्या फीचर्स क्लासात कारणासह वगळायच्या. नवख्या माणसाने बॅकएंड पारखायचा तर आधी ही वगळलेल्यांची यादी वाचावी. जाहिरातीपेक्षा ती जास्त खरे बोलते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचेच पाहा. ऑर्डर बायशिवाय ऑफसेट त्याला मान्य नाही, आणि युनिक कॉलमात दोन नल आले तर ते त्यांना एकच समजते. दोन्हींसाठी बॅकएंडाला आडवाट काढावी लागते. हा बॅकएंड आधी हौशी प्रोग्रामरांनी हाताहाती पुढे नेला, नंतर मायक्रोसॉफ्टने सांभाळायला घेतला आणि २०२१ मध्ये त्याची १.० आवृत्ती काढली. कॉक्रोचडीबी आणि गूगल क्लाउड स्पॅनरचे बॅकएंडही बाहेरचेच. मोंगोडीबीत एसक्यूएलच नसल्याने त्या कंपनीने काढलेला बॅकएंड मॉडेलवरची क्वेरी वेगळ्याच रूपात, ॲग्रिगेशन पाइपलाइन म्हणून, घडवतो.

बाहेरच्या बॅकएंडांना जँगोच्या गतीने चालावे लागते. साधारण दर आठ महिन्यांनी नवी आवृत्ती येते, आणि वापरणाऱ्यांना मिळते तशी पूर्वसूचनेची लांब मुदत बॅकएंडाच्या अंतर्गत रचनेला नसते. त्याऐवजी आवृत्तीच्या टिपणात ‘डेटाबेस बॅकएंड एपीआय’ असा एक छोटा भाग असतो: कोणत्या फंक्शनाचे नाव बदलले, कोणती नवी हो-नाही यादीत आली. वाचणारे थोडे, बहुतेक एकेका बॅकएंडामागचे दोन-तीन जण. ते तो वाचतात, नव्या हो-नाहीसमोर आपल्या इंजिनाचे उत्तर लिहितात आणि चाचण्या पुन्हा पहिल्यापासून लावतात.