‘विधानसभा लागली’ म्हणजे नेमकं काय लागलं?

मी कुडव्याहून बोलतोय आणि आजचा विषय आहे फक्त एक शब्द: विधानसभा.

आपल्याकडे हा शब्द कसा वापरतात बघा. ‘विधानसभा लागली’ म्हणजे निवडणूक जाहीर झाली. ‘कुडवा गोंदिया विधानसभेत येतं’ म्हणजे मतदारसंघात येतं. आणि ‘आमदार विधानसभेत बोलले’ म्हणजे सभागृहात बोलले. शब्द एक, अर्थ तीन. त्यातला तिसरा आपल्या तोंडी सगळ्यात कमी येतो.

आता शब्दच फोडून पाहू. मराठीत ‘विधान’ म्हणजे एखादं म्हणणं. बातम्यांत ‘वादग्रस्त विधान’ येतं, तेच. पण संस्कृतात विधान म्हणजे नियम घालून देणंसुद्धा. इथे तो अर्थ घ्यायचा: कायदे करणारी सभा. शेजारच्या बालाघाटात तिच्या सदस्याला ‘विधायक’ म्हणतात. मराठीत मात्र ‘विधायक’ म्हणजे काहीतरी चांगलं घडवणारं, जसं विधायक काम. आपण म्हणतो ‘आमदार’, मग तो विधानसभेचा असो की विधान परिषदेचा.

बरं, ही सभा आपल्यासाठी कुठे भरायची? नागपुरात! गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रांतात. १९१४ साली नागपुरात प्रांताचं कौन्सिल बसू लागलं. १९३५च्या कायद्यानुसार १९३७ साली तिथे असेंब्ली आली. स्वातंत्र्यानंतर प्रांताचं मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरच राहिली आणि राज्यघटनेनं असेंब्लीला आपल्या भाषेतलं नाव मिळालं, विधानसभा.

१ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. गोंदियाहून सुमारे १३० किलोमीटरवरची सभा एकदम नऊशे किलोमीटरपलीकडे गेली! मध्य प्रदेशात एकच सभागृह होतं, मुंबईत दोन. म्हणजे ‘विधान परिषद’ आपल्या वाट्याला आली ती तेव्हापासून. १९६०मध्ये महाराष्ट्र झाला. वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं, असं १९५३च्या नागपूर करारात ठरलं होतं. आजचं हिवाळी अधिवेशन त्यातूनच आलंय.

म्हणजे ही सभा आपल्या जवळ असावी, यासाठी लोकांनी करार करून घेतला. आणि आपण? आपण त्या शब्दाची फक्त निवडणूक करून टाकली. मतदान झालं, गुलाल उधळला, की ‘विधानसभा संपली’ म्हणतो. खरं तर तेव्हा ती सुरू होते.

ग्रामसभेत गावाच्या यादीतला प्रत्येक मतदार स्वतः सदस्य असतो. विधानसभेत २८८ जण आपल्या सगळ्यांच्या वतीनं बसतात. आपल्या वतीनं तिथे काय बोललं गेलं, हे विचारायचा हक्क आपलाच आहे. सभागृहातली चर्चा विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळते आणि मोबाइल तर हातातच आहे.

तर पुढच्या वेळी कुणी विचारलं, ‘तुमची विधानसभा कोणती?’ तर गोंदिया सांगाच. पण सोबत हेही सांगून बघा: आपल्या आमदारांनी गेल्या अधिवेशनात कोणता प्रश्न विचारला?

उत्तर सापडलं तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!