रोजकीर्दीचे पान

पाडव्याच्या सकाळी व्यापारी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो. लहानपणी मला या वह्यांची भीती वाटे. आमची जासईची माणसे भात आणि मीठ पिकवणारी. आजीच्या तोंडी ‘वही’ म्हणजे सावकाराची वही, आणि वही म्हणजे देणे.

पुढे पनवेलच्या बाजारातल्या एका वृद्ध दिवाणजींनी मला समजावले, मास्तर, वही एक नसते. दिवसभराची घाईतली टिपणे कच्च्या कीर्दीत. रात्री ती पक्क्या रोजकीर्दीत उतरायची, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, तळाशी शिल्लक. ती पेटीतल्या रोकडीशी जुळल्याखेरीज जेवायला उठायचे नाही! पसंतीवर दिलेल्या मालाची जांगडवही निराळी. शेवटी खतावणी. तिथे तारीख मागे पडते नि माणूस पुढे येतो; ज्याचे त्याचे खाते वेगळे.

लुका पाचोली नावाच्या ख्रिस्ती संन्याशाने व्हेनिसला १४९४ साली छापलेल्या ग्रंथात याच तीन वह्या सांगितल्या आहेत: टिपणवही, रोजकीर्द, खतावणी. शाळेत ‘कॅशबुक’ आणि ‘जर्नल’ अशी दोन पुस्तके शिकवतात. आमची रोजकीर्द दोन्ही कामे एकटी करी.

पण कुळाला दाखवीत ती खतावणी. पणजोबांच्या खात्यावर चाळीस रुपये निघाले. त्यांनी कीर्द पाहू मागितली, तर ती वाळवीने खाल्ली म्हणे. खतावणी मात्र वाळवीला आवडली नसावी! पणजोबा तीन हंगाम सावकाराच्या मिठागरावर राबले.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या नि कर्जरोखे जाळले, ते उगीच नव्हे. त्यातून १८७९ चा कायदा आला. कुळाला पावती द्यावी, मागितल्यास वर्षाचा हिशेब द्यावा, असे त्यात होते. परंतु आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर एवढ्यांपुरताच. मुंबई प्रांताच्या १९४६ च्या सावकारी कायद्याने रोजकीर्द आणि खतावणी दोन्ही ठेवणे सावकाराला बंधनकारक केले. पणजोबा तोवर गेले होते.

फेडीनंतर परत मिळालेला त्यांचा कर्जरोखा अजून आमच्या पेटीत आहे. खाली अंगठा, वर मोडी. घरात ती कोणालाच येत नव्हती. गेल्या उन्हाळ्यात मी मोडी शिकून रक्कम वाचली. चौदा रुपये. चौदाचे चाळीस कोणकोणत्या तारखांना झाले, ते त्या कीर्दीत होते.