परमुलखातले जेवण

श्रोतेहो, मुंबईला गेलात की हाकेच्या अंतरावर इराण्याचा चहा, उडप्याचा डोसा आणि मालवणी माशांचे ताट मिळते. पैसे मोजावेत, जेवावे. आज आपल्याला त्यात विशेष वाटत नाही. पण परक्याच्या हातचे, परक्यांच्या शेजारी बसून जेवणे आपल्या समाजाला सोपे गेलेले नाही बरे का!

फार जुना दाखला आपल्या जुन्नरातच आहे. शिवनेरीच्या लेण्यांत एक ब्राह्मी शिलालेख आहे. चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिला, एवढेच तो सांगतो. नाणेघाट उतरला की कल्याण आणि सोपाऱ्याची बंदरे, तेव्हा जुन्नरात यवन असावा यात नवल नाही. नवल हे, की त्याच्या मंडपात बसून भिक्षू जेवत.

पुढे शतकानुशतके प्रवासी शिदोरी बांधून निघे. ती संपली तर तीन दगड मांडून स्वतः रांधायचे. शिजवणारा कोण, वाढणारा कोण, हे भुकेच्या आधी विचारले जाई.

ही गाठ सैल केली गिरण्यांनी. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी उभारायला घेतली. मग गिरण्या वाढत गेल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसे उतरली. आपल्याकडचीही गेली. बायकामुले गावी, गडी एकटा. रांधणार कोण? चाळीतल्या खोलीत एखादी बाई दहावीस जणांचा स्वयंपाक करी. पैसे पगाराच्या दिवशी, तोवर किराणा उधारीवर. हीच खानावळ. मात्र तीसुद्धा बहुधा मुलूख आणि जात पाहूनच धरली जाई.

इराण्याचे तसे नव्हते. क्यानीचे दुकान १९०४चे, ब्रिटानिया १९२३चे. संगमरवरी टेबल, समोर कोण बसेल त्याचा नेम नाही. १९४२ साली माटुंग्याला रामा नायकांनी उडुपी भोजनगृह काढले. अशा जागांनी माणसांना शेजारी बसायची सवय लावली. १९५० साली राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने उपाहारगृहे सर्वांना खुली केली आणि १९५५ साली अस्पृश्यता हा शिक्षापात्र गुन्हा ठरवणारा कायदा झाला. तरी चहाच्या दुकानातली वेगळी कपबशी लगेच गेली नाही. शिक्षकहो, गावातल्या वृद्धांना विचारून मुलांकडून हे लिहून घ्या. पुस्तकांत ते फारसे सापडत नाही.

आणि ती रांधणारी बाई? तिच्यामुळे गिरणी चालली, पण तिला कर्ज देई तो सावकार, जबर व्याजाने. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा या बायकांना बँकेचे दार दिसले. पुढे जानेवारी १९८२मध्ये गिरण्यांचा संप झाला. जेवणारे गावी परतले, आणि कित्येक खोल्यांतल्या चुली थंडावल्या.