टोप, बिल्ला आणि इतिहास

जुन्या बाजारात पोलादी लष्करी टोप दिसला की विक्रेता 'पहिल्या महायुद्धातला' म्हणून किंमत सांगतो. त्याच्या बोलण्यापेक्षा टोपाची साक्ष खरी. जॉन ब्रॉडीने १९१५ साली घडवलेल्या ब्रिटिश टोपाची कड उघडी होती. १९१६ मध्ये तीवर दुमडलेली पट्टी आली. हनुवटीचा पट्टा तेव्हा चामड्याचा होता. १९३८ च्या 'मार्क दोन'मध्ये तो कापडी झाला, अस्तरही बदलले. जुन्या टोपांतही पुढे नवे अस्तर बसवले गेले. म्हणून कड आणि पट्टा दोन्ही ताडून पाहावेत.

पण टोप पोलादाचा काळ सांगतो. तो कोणाच्या डोक्यावर होता हे सांगत नाही. ते बिल्ला सांगतो. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली. १९१७ मध्ये युद्धाची गरज पडताच १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ पर्यंत मोडूनही टाकली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. त्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. १९४६ मध्ये ती मशिनगन रेजिमेंट झाल्यावर स्तंभासोबत दोन तिरप्या व्हिकर्स मशिनगन आल्या. पुढे स्तंभ गेला, खंजीर आला.

म्हणून आजोबांच्या पेटीतला स्तंभाचा बिल्ला पितळेच्या भावाने मोडीत घालू नये. ज्यांना कागदावर जागा मिळाली नाही, त्यांचा हाच दस्तऐवज आहे.